फ्रेडी फेंडर प्रोजेक्ट: कोजागिरीपर्यंतच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

परवा फ्लाको हिमेनेझ गेला. ८६ वर्षांचा होता, सॅन अँटोनियोचा, बटणांचा अकॉर्डियन वाजवायचा, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, मेक्सिकोच्या हद्दीवरच्या लारेडोचा सहकारी काल दिवसभर एका कानात त्याचंच लावून बसला होता. दुपारी म्हणाला घरी आजोबा वारल्यासारखं वाटतंय. मी फ्लाकोला टेक्सास टॉर्नेडोज या बँडमुळे ओळखतो, म्हणजे डग साम, ऑगी मायर्स, फ्लाको आणि फ्रेडी फेंडर, चार म्हातारे होऊ घातलेले लोक आणि १९९० चा तो पहिला अल्बम जो इंग्लिश आणि स्पॅनिश अशा दोन आवृत्त्यांत निघाला होता. रात्री तो ऐकत बसलो आणि गाडी फ्रेडीच्या आवाजाशी येऊन थांबली ती थांबलीच.

आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला मला चाळीस मिनिटं दिली आहेत. दरवर्षी भावगीतं होतात, गेल्या वर्षी पण तीच, त्याच्या गेल्या वर्षी पण. यंदा मी कमिटीला सांगून टाकलंय की टेक्सासचं काहीतरी करणार. आपण सगळे वीस-वीस वर्षं ह्यूस्टनमध्ये राहतो आणि इथल्या गाण्यातलं ओ की ठो माहीत नाही. बायको म्हणाली, लोक मसाला दूध प्यायला येतात, तुझा फ्रेडी कोण ऐकणार. बघू.

ठरलं ते असं: फ्रेडी फेंडरची गोष्ट मराठीत सांगायची आणि मधेमधे चार गाणी आम्हीच वाजवायची. मी गिटार, पेटीवाले काका, तबल्याला आपला कॉलेजवाला पोरगा. नोंदी इथे ठेवतो म्हणजे नंतर कोण काय बोललं होतं त्यावरून भांडणं नकोत.

५ ऑगस्ट, मंगळवार

गोष्टीचा कच्चा सांगाडा, स्वतःसाठी.

खरं नाव बाल्देमार उएर्ता. जन्म ४ जून १९३७, सॅन बेनिटो, टेक्सास, अगदी खाली मेक्सिकोच्या हद्दीला लागून रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात. घरचे शेतमजूर, हंगाम आला की उत्तरेकडे निघायचे, कापूस वेचायला, बीट काढायला. आपल्याकडे ऊसतोडीला जातात तसंच, फक्त अंतरं हजार-दीड हजार मैलांची. दहा वर्षांचा असताना शेजारच्या हार्लिंजनच्या रेडिओवर गायला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मरीन्समध्ये भरती. परत आल्यावर १९५७ मध्ये एल्व्हिसचं ‘डोन्ट बी क्रूएल’ स्पॅनिशमध्ये गायलं, मकॅलनच्या फाल्कन रेकॉर्ड्ससाठी, एल बिबॉप किड या नावाने. म्हणजे रॉक अँड रोल स्पॅनिशमध्ये, १९५७ साली!! ते मेक्सिकोत आणि खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत चाललं.

१९५९ मध्ये नाव बदललं. फेंडर हे आडनाव गिटार-अँप्लिफायरवरच्या कंपनीच्या पाटीवरून घेतलं आणि त्याला जुळतं म्हणून पुढे फ्रेडी लावलं. गोऱ्या गिऱ्हाइकाला उएर्ता म्हणता येत नाही, फेंडर येतं, एवढा साधा हिशोब. त्याच वर्षी ‘वेस्टेड डेज अँड वेस्टेड नाइट्स’ आलं, चालायला लागलं, इम्पिरियलसारख्या मोठ्या कंपनीने उचललं, आणि मे १९६० मध्ये बॅटन रूजला थोडासा गांजा सापडला म्हणून पकडला गेला. पाच वर्षांची शिक्षा, त्यातली जवळजवळ तीन वर्षं लुइझियानातल्याच अँगोला नावाच्या तुरुंगात काढली. बाहेर काढायला हातभार लागला तो लुइझियानाच्या गव्हर्नरचा, जिमी डेव्हिस, जो स्वतः कंट्री, म्हणजे इथल्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांचा, गायक होता. आपल्याकडच्या कुठल्या मुख्यमंत्र्याला गाता येत होतं यावर काकांनी पंधरा मिनिटं घेतली.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळे जण हेच गाळतात: सुटल्यावर पॅरोलच्या अटी होत्या, दारू विकतात तिथे पाऊल टाकायचं नाही. गायकाने मग गायचं कुठे? १९६८ पर्यंत ते लचांड होतं. १९६९ मध्ये तो गावी परतला, मोटारी दुरुस्त करायला लागला, कॉर्पस क्रिस्टीच्या कॉलेजात प्रवेश घेतला, शनिवार-रविवारी बारमध्ये गायचा. वय बत्तीस. आपल्याला वाटतं इथे गोष्ट संपली.

९ ऑगस्ट, शनिवार

आज फक्त एक गाणं, दिवसभर. ‘बिफोर द नेक्स्ट टीअरड्रॉप फॉल्स’.

हे गाणं त्याने लिहिलेलं नाही हे मला माहीतच नव्हतं. व्हिव्हियन कीथ आणि बेन पीटर्स यांचं. १९६७ मध्ये ड्वेन डी नावाच्या गायकाने आधी रेकॉर्ड केलं, मग इतर बऱ्याच जणांनी केलं, कुणाचंच फार पुढे गेलं नाही. १९७४ मध्ये ह्यूई मो नावाच्या प्रोड्युसरने फ्रेडीला हे गा म्हटलं. संगीताचा ट्रॅक आधीच तयार होता, फ्रेडीने त्यावर फक्त आवाज भरायचा होता, आणि मधलं एक कडवं त्याने स्पॅनिशमध्ये घेतलं. काही मिनिटांत उरकलं. त्याला स्वतःला त्यातून काही होईल असं वाटलं नव्हतं, एकदाचं झालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं असं तो पुढे सांगायचा.

मार्च १९७५ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिला नंबर. मे संपता संपता पॉपच्या मुख्य यादीतही पहिला. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातलं सर्वोत्तम सिंगल म्हणून निवडलं. लगोलग ‘वेस्टेड डेज’ परत रेकॉर्ड केलं, तेच पंधरा वर्षांपूर्वीचं अर्धवट राहिलेलं गाणं, तेही कंट्रीत पहिलं आणि पॉपमध्ये आठवं. सदतीस-अडतिसाव्या वर्षी.

आणि हे सगळं झालं शुगरहिल स्टुडिओत, जो माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे!! सतरा वर्षं त्या भागातून जातोय. १९४१ पासूनचा स्टुडिओ, आधी गोल्ड स्टार नाव होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, फ्रेडी हा पहिला नव्हे. जॉनी रॉड्रिगेझ १९७३ मध्येच कंट्रीत पहिल्या नंबरला पोचला होता, तोही टेक्सासचा, तोही मधे स्पॅनिश गायचा, आणि तोही याच वर्षी मे महिन्यात गेला. कार्यक्रमात ‘पहिला’ हा शब्द कुठेही वापरायचा नाही. मराठी सूत्रसंचालनात प्रत्येक माणूस कशात ना कशात पहिला असतो, मला ते नको.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उच्चारांचा घोळ. बाल्देमार उएर्ता ठरलं, ह नाही. गाव मात्र सॅन बेनिटो म्हणायचं की सान बेनितो? लारेडोकर म्हणाला घरात सान बेनितो आणि पोलिसाने अडवल्यावर सॅन बेनिटो. मी हसलो आणि मग आठवलं की आम्ही पण घरात बेळगाव म्हणतो आणि फॉर्मवर बेळगावी लिहितो. सॅन बेनिटोच ठेवतो, गुगल मॅपवर शोधणाऱ्याची सोय.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली प्रॅक्टिस, आमच्या गॅरेजमध्ये. बाहेर ३७ डिग्री, पंखे दोन, तबला सारखा उतरत होता.

काकांचा मूळ आक्षेप असा की पेटीवर अकॉर्डियनचं काम करणं म्हणजे सासूच्या साडीत सुनेचा फोटो. मी म्हटलं काका, दोन्ही एकाच घरातल्या. आत धातूच्या पट्ट्या, त्यावरून हवा गेली की सूर. अकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात १८२९ चं, हार्मोनियमचं पॅरिसला त्यानंतर दहाएक वर्षांनी. एक जर्मन आणि चेक शेतकऱ्यांबरोबर टेक्सासात उतरली, दुसरी मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती इतकी आपली करून टाकली की आता मूळ मालक आला तर त्यालाच परकं वाटेल.

मग त्यांना नार्सिसो मार्तिनेझ ऐकवला. हा माणूस फ्रेडीच्याच खोऱ्यातला, टेक्सासच्या कोन्हुंतोचा, म्हणजे तिथल्या मेक्सिकन लोकांच्या अकॉर्डियनवरच्या नाचगाण्याचा, बाप म्हणतात त्याला, १९३६ मध्ये पहिल्या रेकॉर्ड्स. त्याने काय केलं, तर अकॉर्डियनच्या डाव्या हाताची खर्जाची बटणं जवळजवळ सोडूनच दिली. तो भाग साथीच्या सांतियागो अल्मेइदावर टाकला, जो बाहो सेक्स्तो वाजवायचा, म्हणजे बारा तारांची खोल आवाजाची गिटार, तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत. मग उजवा हात मोकळा. सूर सुटा, टोकदार, नाचरा झाला, आणि जर्मन पोल्का नाचाचा मेक्सिकन पोल्का झाला.

काका बराच वेळ गप्प ऐकत होते. मग म्हणाले, अरे म्हणजे आपलंच की, डावा हात भात्याला, उजवा गाण्याला. त्यानंतर त्यांनी तो पोल्का ज्या तऱ्हेने उचलला ते बघण्यासारखं होतं, दोनदा ऐकून तिसऱ्यांदा हातात. पोराने केरवा लावला आणि तो इतका बसला की मला वाईट वाटायला लागलं, म्हणजे मी उगाच आठवडाभर ड्रमचे नमुने शोधत होतो.

‘वेस्टेड डेज’ला मात्र दादरा. ते गाणं मुळात कंट्री नाहीच, लुइझियानाच्या दलदलीतला तो संथ प्रकार आहे ज्याला तिकडे स्वाम्प पॉप म्हणतात, पियानोवर तीन-तीनचे ठोके पडत राहतात आणि वर गायक रडतो. पोराचा दादरा फारच मैफिलीतला येतोय, त्याला म्हटलं बायां दाब, जरा चिखलातून चालल्यासारखं वाजव.

२० ऑगस्ट, बुधवार

लारेडोकराने चुलत्याचा बाहो सेक्स्तो आणि एक जुना अकॉर्डियन दिला, दसऱ्यापर्यंत म्हटलंय (म्हणजे मी म्हटलंय, त्याला दसरा सांगावा लागला). बारा तारा जुळवता जुळवता बोटं सोलली.

३१ ऑगस्ट, रविवार

लेबर डेची जोडून सुट्टी, घरचा दीड दिवसाचा गणपती गुरुवारी पोचवला होता, काल सकाळी निघालो. ह्यूस्टनहून खाली जवळजवळ साडेतीनशे मैल. किंग्जव्हिल सोडलं की काहीच नाही, गवत, गुरं आणि पवनचक्क्या, पेट्रोल आधीच भरून घ्यावं लागतं. मुलगी मागे झोपलेली, बायको म्हणाली हे अगदी सोलापूरकडे निघाल्यासारखं वाटतंय, आणि तेवढ्यात ताडाची झाडं सुरू झाली.

सॅन बेनिटो छोटंसं गाव आहे. मधून रेसाका जाते, म्हणजे नदीने सोडून दिलेलं जुनं पात्र, त्यात पाणी साठलेलं, बगळे. गावाच्या पाण्याच्या टाकीवर फ्रेडी रंगवलाय. दाट केस, मिशा, अख्ख्या गावाच्या डोक्यावर. मी फोटो काढत होतो तर बायको म्हणाली, गांजासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाला आपल्याकडे टाकीवर चढवला असता का? मी म्हटलं आपल्याकडे टाकीवर नगरसेवकाचं नाव असतं, त्यातल्या कितींचा हिशोब लावायचा.

त्याला इथेच पुरलंय. जास्त वेळ थांबलो नाही, उन्हाने मुलगी कावली होती.

मला वाटलं होतं काहीतरी ‘दिसेल’. पण खरं काम झालं ते एका टपरीवजा हॉटेलात नाश्ता करताना. बाई गिऱ्हाइकांशी बोलत होत्या ते वाक्य इंग्लिशमध्ये सुरू व्हायचं आणि स्पॅनिशमध्ये संपायचं, कधी उलटं, आणि मधे कुठे सांधा दिसायचा नाही. मोजलेल्या पैशांपासून पुढच्या टेबलवरच्या पोराला ओरडण्यापर्यंत. मी निपाणीचा. आमच्या दारात भाजीवाली कानडीत भाव सांगायची, आई मराठीत पाडायची, शेवटी दोघी हिंदीत शपथा घ्यायच्या. ‘दोन भाषांचं मिश्रण’ असं जे मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं ना, ते तिथेच नॅपकिनवर खोडलं. मिश्रण म्हणजे आधी दोन वेगळ्या बाटल्या होत्या आणि कुणीतरी मुद्दाम ओतल्या. इथे बाटल्याच नव्हत्या.

येताना सरिताजवळ बॉर्डर पेट्रोलचा नाका लागला. हद्दीपासून इतक्या आत, अमेरिकेतल्या अमेरिकेत, उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवतात. ग्रीन कार्डं दाखवली, कुत्रा गाडीभोवती फिरला, जा म्हणाले. फ्रेडीचे लोक या खोऱ्यात तेव्हापासून आहेत जेव्हा ते मेक्सिको होतं. १८४८ च्या तहाने नदी हद्द झाली आणि माणसं जागच्या जागी दुसऱ्या देशात गेली. आम्ही हद्द ओलांडली नाही, हद्दीने आम्हाला ओलांडलं, असं तिकडे म्हणतात, आणि हे मराठीत सीमाभागाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण हे स्टेजवर बोलायचं नाही. मंडळात बेळगावचं नाव काढलं की चाळीस मिनिटं तिथेच जातील.

६ सप्टेंबर, शनिवार

मंडळाच्या गणपतीचं विसर्जन. प्रॅक्टिस नाही. ढोल वाजवून हात गेलेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

ह्यूई मोचं काय करायचं.

फ्रेडीला वर आणणारा हाच. पण हाच माणूस १९९६ मध्ये लहान मुलींच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये तो ‘पारखी नजरेचा अवलिया’ होता. ते वाक्य वाचून स्वतःचीच लाज वाटली. काका म्हणाले नावच गाळ, कोजागिरी आहे, लहान मुलं असतात. बायको म्हणाली नाव घ्यायचं आणि पुढचं नाही सांगायचं हे मला चालणार नाही, घेणार असशील तर दोन्ही घे.

शेवटी ‘ह्यूस्टनच्या एका प्रोड्युसरने’ एवढंच ठेवलंय. श्रेय द्यायचं तर पूर्ण माणूस सांगावा लागतो आणि पूर्ण माणूस सांगायला तो कार्यक्रम त्याचा नाही. इथे मात्र लिहून ठेवतो. हा मार्ग बरोबर आहे अशी माझी पूर्ण खात्री नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज घोळ. मोठा घोळ.

आम्ही सगळं पांढरी पाचमध्ये (म्हणजे जी) बसवलं होतं, माझा आवाज तिथे बरा लागतो आणि गिटारला जी सोपा. आज पहिल्यांदा लारेडोकर स्वतः आला, म्हटलं पोल्काला खरा अकॉर्डियन घेऊ, पेटी आणि तो अशी जुगलबंदी. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि चेहरा आंबट. त्याचा अकॉर्डियन ‘फा’चा. या बटणांच्या अकॉर्डियनला आपल्या पेटीसारखे सगळे सूर नसतात, तीन रांगा, तीन सुरांच्या घरातल्या, याच्यात एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट. वर भाता दाबताना एक सूर आणि ओढताना त्याच बटणावर दुसरा! जी मेजर त्यावर नीट निघतच नाही. महिनाभर त्याचं वाद्य घरात आहे आणि मी एकदाही विचारलं नाही.

काकांना म्हटलं पांढरी चार (म्हणजे एफ) करू या. काकांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले आम्हाला काय, आम्ही कुणाच्याही सुरात गेलोय आयुष्यभर, पट्टी तुझी उतरणार. बरोबर होतं. खालच्या ओळी आता माझ्या पोटात जातात. तबला पण दुसरा आणावा लागणार. गिटारला पहिल्या पट्टीवर बॅरे धरून अर्ध्या तासात हात दुखायला लागला.

पण जुगलबंदी!! तो भाता ओढून मारतो आणि काका सरळ जातात, त्याचा सूर श्वास घेतल्यासारखा तुटतो, काकांचा वाहतो. एकाच ओळीचे दोन स्वभाव. रेकॉर्डिंग ठेवलंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लंचला लारेडोकराबरोबर ते स्पॅनिश कडवं शब्द शब्द घेऊन बसलो. माझी समजूत अशी की ते इंग्लिश कडव्याचं भाषांतर आहे. नाहीये. म्हणजे अर्धं आहे.

सुरुवात तीच, तो तुला सुख देत असेल तर तुमचं दोघांचं भलं होवो. इंग्लिशमध्ये पुढे ते नखऱ्याचं वाक्य येतं ज्याचं गाण्याला नाव आहे, पुढचा अश्रू पडायच्या आत मी तिथे असेन. स्पॅनिशमध्ये ती प्रतिमा गायबच. तिथे फक्त एवढंच: त्याने तुला रडवलं तर माझ्याशी बोल, तू दुःखी असलीस की मी बरोबर असेन. बस. ना थेंब ना काही.

आणि भाषा बघ म्हणाला. ‘लो मेहोर’ म्हणजे सर्वोत्तम, शाळेत हे शिकवतात. फ्रेडी म्हणतो ‘लो मास ब्वेनो’, म्हणजे ‘जास्त चांगलं’, जसं घरी म्हणतात. ‘पारा’ न म्हणता ‘पा’. शेवटच्या क्रियापदाचं रूप पण व्याकरणाच्या बाईंना आवडणार नाही असं. मी विचारलं, म्हणजे चुकीचं स्पॅनिश? तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, नाही, हे माझ्या आजीचं स्पॅनिश.

कंट्रीच्या राजधानीने, नॅशव्हिलने, घासून पुसून लिहिलेलं गाणं, त्याच्या पोटात हे एक कडवं स्वयंपाकघरातलं. इतरांनी तेच गाणं गायलं आणि चाललं नाही, ह्याचं चाललं, याची कारणं बाजारवाले वेगळी सांगतील, पण मला आज कळलं असं वाटतंय. तो तिथे दुसऱ्या भाषेत ‘सादर’ करत नाहीये. इंग्लिशमध्ये बोलून दाखवतो आणि स्पॅनिशमध्ये फक्त बोलतो.

२१ सप्टेंबर, रविवार

त्यामुळे आता ते कडवं मराठीत हवं. गायचं नाही, गिटारवर नुसतं बोलायचं, स्पॅनिश कडव्याच्या नंतर.

पहिला प्रयत्न: ‘पुढचा अश्रू ओघळण्यापूर्वी मी तुझ्या समीप असेन’. बायकोने चहा सांडला. दुसरा प्रयत्न: ‘आसवांच्या सरी कोसळण्याआधी’. हा काकांना आवडला आणि म्हणूनच रद्द. तिसरा, चौथा, पाचवा लिहीतही नाही इथे. माझ्या लक्षात आलं की प्रेमाचं काही म्हणायचं झालं की माझी मराठी आपोआप १९६० च्या आकाशवाणीवर जाते. चांगलं घरचं बोलणं येतं मला, पण माइक समोर आला की ते खिशात जातं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आईला फोन. निपाणीत पाऊस आहे अजून, घटाला उन्हाचं एक किरण नाही म्हणाली. तिला अख्खी भानगड सांगितली, टेक्सास, तुरुंग, गाणं, कडवं. ती म्हणाली त्यात काय एवढं अवघड, तुझ्या मावशीचं लग्न झालं तेव्हा तुझा आजा स्टँडवर काय म्हटला होता ते म्हण. काय म्हटला होता? ‘चांगला नांदवत असला तर दोघं सुखानं ऱ्हावा. आणि रडविलं तर मला सांग की.’

लिहून घेतलं आणि पेन ठेवून दिलं. सगळं होतं त्यात, ‘लो मास ब्वेनो’ पण आणि ‘पा’ पण.

काकांचा प्रश्न: ‘सांग की’ हे शहरातल्या लोकांना हसू येणार नाही का? येईल. येऊ दे.

२७ सप्टेंबर, शनिवार

स्क्रिप्ट ५८ मिनिटं भरतंय. कापाकापी.

गेलं: हॉलिवूडच्या फुटपाथवरचा तारा (१९९९), रॉबर्ट रेडफर्डच्या सिनेमातली भूमिका, लॉस सुपर सेव्हन हा बँड, ग्रॅमींची यादी. ग्रॅमी मोजून दाखवल्या की टाळ्या मिळतात हे खरं, पण ते टाळ्यांचं हुकमी बटण आहे.

ठेवलं: डग सामने १९७१ मध्येच, म्हणजे फ्रेडी गॅरेजात असताना, ‘वेस्टेड डेज’ स्वतःच्या अल्बमवर घेतलं होतं. मित्राने विसरू दिलं नाही. आणि २००२ मध्ये ग्रॅमी मिळालेला तो शेवटचा अल्बम ठेवलाच, यादीतून काढून एकटा, कारण त्यात नुसते जुने बोलेरो आहेत, म्हणजे संथ स्पॅनिश प्रेमगीतं, आईबापांच्या काळातली, आणि त्याचं नावच ‘ला मुझिका दे बाल्देमार उएर्ता’. चाळीस वर्षं फेंडर म्हणून कमावलं आणि शेवटी मुखपृष्ठावर उएर्ता लिहिलं. त्याच वर्षी मुलीची किडनी त्याला बसवली, दोन वर्षांनी लिव्हर बदललं, मग फुप्फुसाचा कॅन्सर. हे सगळं दोन वाक्यांत. आजारपण ताणायचं नाही.

त्या अल्बमवरचा आवाज ऐका एकदा, कापरा झालाय पण कुठेही लपवलेला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटची पूर्ण प्रॅक्टिस, ४१ मिनिटं. काकांच्या पेटीचा एक सूर पोल्काच्या ऐन मध्यात अडकला आणि ‘पों’ करत राहिला, रीडवर कचरा. उघडली, साफ केली. लारेडोकर वाकून आत बघत होता, त्याने आपला अकॉर्डियन उघडून शेजारी ठेवला. दोघं पाऊण तास एकमेकांच्या पट्ट्या बघत बसले, काकांचं इंग्लिश मोजकं, त्याला मराठी शून्य. प्रॅक्टिस तिथेच संपली.

११ ऑक्टोबर, शनिवार, रात्री उशिरा

झालं. कोजागिरी सोमवारीच होऊन गेली होती, पण अमेरिकेत पौर्णिमा वीकेंडलाच असते. हॉलमध्ये चंद्र नाही, प्रोजेक्टरवर चंद्र.

दीडशेच्या आसपास लोक. सुरुवातीला खुर्च्यांचे आवाज, दुधाची रांग, कुणाचं तरी पोर स्टेजवर. माइकने दोनदा शिट्टी मारली. ‘वेस्टेड डेज’ बरं झालं, पोराने चिखल आणला अखेर. पोल्काला काही आज्या चक्क टाळ्यांनी ताल धरून बसल्या, त्यात एकीने काकांना नंतर विचारलं की हे कुठलं नाट्यपद. लारेडोकराने कुर्ता घातला होता, स्वतःहून, कुठून आणला देव जाणे.

टीअरड्रॉपला मी पहिल्याच ओळीत खालचा सूर गाठता गाठता गडबडलो, काकांनी पेटीवर तो भरून काढला. स्पॅनिश कडवं लारेडोकर गायला. तो गायक नाही. मग नुसती गिटार, आणि मी आजोबांचं वाक्य म्हटलं. ‘सांग की’ला हसू आलं, कोपऱ्यातून, तीन-चार जण. मग हसू थांबलं. पुढच्या रांगेत एक काकू, कोल्हापूरकडच्या असाव्यात, मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांची मुलगी शेजारी होती, तिने फोन बाजूला ठेवला.

कमिटीचा अभिप्राय: छान, पण पुढच्या वर्षी भावगीतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फ्रेडीला जाऊन आज एकोणीस वर्षं. १४ ऑक्टोबर २००६, कॉर्पस क्रिस्टी, ६९ वर्षांचा. मुद्दाम काही केलं नाही, ऑफिसला जाता येता बोलेरो ऐकले.

वाद्यं परत केली. दसरा उलटून बारा दिवस झाले होते, लारेडोकर म्हणाला त्याने कॅलेंडरमध्ये बघितला होता आणि गप्प राहिला. रेकॉर्डिंग त्याने आईला पाठवलं, त्याच्या आईने विचारलं मधे तो माणूस काय बोलतो. त्याने काय सांगितलं ते विचारायचं राहिलं, उद्या विचारतो.

उरलेली कामं: हॉलच्या दोन केबल आपल्याकडे आल्यात त्या पोचवणे. काकांना रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देणे, लिंक त्यांना उघडत नाही. बाहो सेक्स्तोची तिसऱ्या जोडीतली एक तार माझ्या हातून तुटली होती आणि मी दुसरी घातली ती जाडीला चुकीची आहे, तशीच परत गेली. शनिवारच्या आत बरोबर तार आणून त्याच्या घरी जाऊन बदलून देणे.